सासूबाईंची 'पिशव्यांची पिशवी': २१२ कॅरीबॅग्जचं करू काय?

चाळीतली_चिमणी:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात बाकीच्या पिशव्या, हे काही वेगळं सांगायला नको, तुमच्याकडेही असणारच. पण ती म्हणजे नुसता ट्रेलर होता हे मला परवा कळलं. सासूबाई दिरांकडे नागपूरला गेल्यात दीड महिन्यासाठी, म्हणून म्हटलं माळा साफ करून घेऊ, तर गव्हाच्या रिकाम्या कोठीत अजून चार गच्च भरलेल्या पिशव्या निघाल्या. आत प्रत्येक कॅरीबॅगची त्रिकोणी घडी, समोशासारखी, टोक आत खोचलेलं. मोजल्या. दोनशे बारा.

सगळ्या प्रकारच्या आहेत. करकर वाजणाऱ्या पातळ भाजीवाल्याच्या, मऊ जाड साडीच्या दुकानातल्या, कापडासारख्या दिसतात त्या, आणि काही अशा दुकानांच्या की ती दुकानं जाऊन तिथे आता मोबाईलवाले बसलेत. नवरा म्हणतो सरळ सुक्या कचऱ्यात दे. दिल्याही असत्या, पण त्या घड्या बघून हात होईना.

मला क्रोशा येतो, म्हणजे रुमालाची लेस आणि दाराचं तोरण एवढाच. व्हिडिओत बघितलं की पिशव्या कापून दोरा करतात आणि त्याच्या चटया, बॅगा विणतात. एक कापून बघितली, तर दोरा म्हणून जे काही झालं ते साखळीच्या चौथ्या टाक्यालाच तुटलं. दुसरी उचलली तर ती हातातच भुगा झाली हो, अक्षरशः पापड चुरावा तशी, ओट्यावर सगळे पांढरे कण, पुसता पुसेनात, उलट फडक्यालाच चिकटून बसले.

तर प्रश्न असे की कुठल्या पिशव्या घ्यायच्या, पट्टी किती रुंद, सुई कितीची, आणि एका पायपुसण्याला किती पिशव्या लागतात? शिवाय मुलाने (वय १०) कुठेतरी बघितलंय की पिशव्या इस्त्रीने चिकटवून रेक्झिनसारखा कागद होतो, तो मागेच लागलाय, ते घरात केलेलं चालतं का? आणि हे सगळं सासूबाई यायच्या आत उरकायचंय.

घाटावरची:
समोसा घडी!! माझ्या आईची पण सेम. आमच्याकडे तर दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला चिकटवलेल्या असायच्या, वाळल्या की आपोआप गळून पडायच्या खाली, आणि ज्याच्या डोक्यावर पडेल त्याने घडी घालायची.
विणायचं ते नंतर बघ, आधी नागपूरला फोन कर आणि विचार. मी एकदा न विचारता आईचे रिकामे बोर्नव्हिटाचे डबे टाकले होते, २०११ सालची गोष्ट आहे, अजून ऐकतेय.

सुईदोरा:
चिमणीताई, मी सहा-सात वर्षं हेच करतेय त्यामुळे जरा लांबण लावणार, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी ढीग वेगळे करा. करकर वाजते आणि मुठीत दाबली की फुगून परत वर येते ती एक जात, भाजीवाल्याची. विणायला हीच बरी, हलकी असते आणि टाका नीट बसतो. मऊ, गुळगुळीत, ओढली की च्युइंगमसारखी ताणली जाते ती दुसरी, साडीची किंवा दुधाची. तीही चालते, पण पट्टी बारीक कापावी लागते आणि मनगट दुखतं, रात्री बाम लावून झोपायची तयारी ठेवा. या दोन्ही एका वस्तूत मिसळू नका, एक ताणते आणि एक ताणत नाही म्हणून चटई एका कोपऱ्यात वाकडी होते, मग कितीही ओलं करून वजन ठेवा, सरळ होत नाही. कापडासारख्या दिसतात त्या क्रोशाला घ्यायच्याच नाहीत, त्या मशीनवर शिवायच्या. आणि मासळी आणलेली पिशवी कितीही स्वच्छ दिसली तरी नको म्हणजे नको. माझ्या पहिल्या बॅगेत बोंबलाची एक पिशवी गेली होती, दर पावसाळ्यात तिला आठवण येते.

भुगा होणारी ओळखायची सोपी रीत म्हणजे पिशवीचा बंद दोन्ही हातांनी खसकन ओढायचा. सुटला किंवा कडेला तडे गेले की बाद, मोह धरू नका. पंधरा खांब (क्रोशाचे उभे टाके) विणून झाल्यावर मधली पट्टी तुटते तेव्हा फार वाईट वाटतं.

आता कापणं. पिशवी साबणाच्या पाण्यात बुचकळून उलटी करून चिमट्याने दोरीवर वाळवायची, पूर्ण वाळली पाहिजे. मग सपाट पसरून हवा काढायची, उभी दोन-तीन पदरी घडी घालायची, वरचे बंद आणि खालची शिवण कापून टाकायची. राहिलेल्या नळकांड्याचे आडवे तुकडे करायचे, सव्वा ते दीड इंच रुंद, म्हणजे उघडले की गोल वेढे निघतात. ते एकमेकांत अडकवायचे, शाळेत आपण रबरबँडची साखळी करायचो ना अगदी तसे. गाठ हळूच ओढायची, झटका दिला की तिथेच तुटतं, तुमचं बहुतेक हेच झालं असणार, नाहीतर पट्टी फार बारीक कापली असेल. मध्यम पिशवीचे मला दहा-अकरा वेढे मिळतात आणि जोडून साधारण चार मीटर दोरा होतो. फिरकीसारखी एकसलग पट्टी कापली तर लांबी दुप्पट मिळते, पण ती एकपदरी असते, बारीक कामाला ठीक.

सुई ६ किंवा ८ मिमीची. लेसची सुई घेतलीत तर सुईही वाकेल आणि बोटही. नुसते मुके खांब (साधे बुटके टाके) घाला, पहिल्यांदा डिझाइनच्या नादी लागू नका. गोल चटई करायची असेल तर सहा मुके खांबांनी सुरुवात करून प्रत्येक फेरीला सहा-सहा वाढवत जायचे, १२, १८, २४ असे. वाढवायचे विसरलात तर कडा वर उचलते आणि वाटी होते, जास्त वाढवलेत तर झालर.

पिशव्या किती, तर दीड बाय दोन फुटांच्या पायपुसण्याला माझ्या ९४ गेल्या होत्या. घरातले सगळे म्हणाले एवढ्याशा वस्तूला? हो, एवढ्याशाच.

एक राहिलं, हे पायपुसणं पाणी पुसत नाही! प्लास्टिक आहे ते, शोषणार कुठून. चपलांची माती झाडायला दाराबाहेर उत्तम, गॅलरीत कुंड्यांखाली नको (उन्हात वर्षभरात कडक होऊन पापुद्रे निघतात), आणि गुळगुळीत लादीवर सरकतं, म्हातारं माणूस घरात असेल तर खाली रबराची जाळी टाकल्याशिवाय अजिबात ठेवू नका.

भंगारप्रेमी:
सगळ्यांचा उत्साह मोडायचा नाहीये पण एक विचारतो, २१२ पिशव्यांचा ऐवज म्हणजे वजन किती, किलो सव्वा किलो? त्यासाठी तीन आठवडे मान मोडायची, नंतर ती चटई मळली की शेवटी कचऱ्यातच जाणार ना? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, नाले तुंबले त्यात पिशव्याही होत्या म्हणून पातळ पिशव्यांवर बंदी आली, मग २३ जून २०१८ पासून आणखी कडक, पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड. आणि आज संध्याकाळी कुठल्याही मंडईत जा, काळी पिशवी हजर. आपण इकडे खांब मोजत बसायचं.

दुसरं म्हणजे एका हॉबी क्लासला बायकोने नाव घातलं होतं, विषय 'टाकाऊतून टिकाऊ', आणि तिथे किटमध्ये काय दिलं तर रंगीत कोऱ्या कॅरीबॅग्जचं पाकीट! रंगसंगती चांगली दिसते म्हणून नव्या विकत आणलेल्या. फी वर वेगळी.

दुधाच्या पिशव्या तेवढ्या धुऊन भंगारवाल्याला द्या, तो आनंदाने घेतो. आणि कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा, तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही.

सुईदोरा:
@भंगारप्रेमी, नव्या पिशव्या आणून करायचं म्हणजे अंगणातली विहीर सोडून बिसलरीने झाडांना पाणी घालण्यासारखं आहे, ते कुणी समर्थन करत नाहीये. पण दुधाची पिशवी भंगारवाला घेतो तशी भाजीची पातळ घेतो का? आमचा तरी हात लावत नाही, वजनच भरत नाही म्हणतो. मग जी कुणीच घेत नाही ती मी विणली तर बिघडलं कुठे. माझी बाजाराची बॅग पाच वर्षं चाललीये, तिच्यात दर रविवारी आठ किलो भाजी येते, म्हणजे तेवढ्या वेळा मी भाजीवाल्याला पिशवी नको म्हटलंय.

नळस्टॉप:
पुण्यात हे काम धंदा म्हणून चालतं, री-चरखा म्हणून संस्था आहे, जमलं तर बघून या. ते क्रोशा करत नाहीत, पिशव्यांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात, उभा धागा साधा आणि आडवा प्लास्टिकचा. तो कापडासारखा पट्टा निघतो त्याच्या बॅगा, पाऊच शिवतात. लांबून बघितलं तर खण किंवा खादी वाटते, हात लावल्यावर कळतं. मला आवडलं ते हे की रंगवत नाहीत, वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी, पिशवीचा निळा, जे हाताला लागेल त्याच रंगाचा पट्टा, त्यामुळे दोन बॅगा सारख्या नसतात. किंमत बघून आमच्या मातोश्री म्हणाल्या एवढ्यात पैठणीची पर्स येते, तो भाग वेगळा.

आणि भंगारप्रेमींच्या 'काय उपयोग'वर एक गोष्ट. आफ्रिकेत गांबिया म्हणून छोटासा देश आहे, तिथल्या न्जाऊ गावात इसातू सीसे नावाच्या बाईने १९९७ मध्ये चार-पाच जणींना घेऊन पिशव्या गोळा करून, धुऊन, कापून क्रोशाने पैशांची पाकिटं विणायला सुरुवात केली. कारण काय तर गावात पिशव्या पडायच्या आणि शेळ्या त्या खाऊन मरायच्या. आपल्याकडे गायीच्या पोटातून काढतात तसंच. गावातले लोक हसायचे त्यांना, उकिरडा उपसणाऱ्या बायका म्हणून. पुढे त्याच पाकिटांचे पैसे घरात यायला लागले, मग हसायचे थांबले. तिने काही जगातलं प्लास्टिक संपवलं नाही, गावातल्या शेळ्या वाचल्या आणि बायकांच्या हातात पैसा आला.

चाळीतली_चिमणी:
बाप रे, किती माहिती! सुईदोरा ताई साष्टांग दंडवत. ढीग केले आज: करकर १३१, मऊ ४६, कापडी-दिसणाऱ्या २२, आणि बंद ओढला की मेलेल्या १३. त्या तेरामध्ये सगळ्यात सुंदर रंग होते, नशीब बघा.
घाटावरची, फोन केला नाही. धाडस होत नाहीये.
आणि इस्त्रीचं कुणी सांगा ना, पोरगं रोज विचारतंय.

मायक्रॉनवाला:
वसईला प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात १४ वर्षं काढलीत, त्यामुळे इस्त्रीवर मी बोलतो.

करकरीत पिशवी म्हणजे एचडी (हाय डेन्सिटी पॉलिथिन), साधारण १३० डिग्रीला वितळते. मऊ ती एलडी (लो डेन्सिटी), ११० च्या आसपास. कापडासारखी दिसते ते कापड नाहीच, तेही प्लास्टिकच, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), १६० च्या पुढे. तुमची इस्त्री 'कॉटन'वर ठेवली तर दोनशेपर्यंत जाते, म्हणजे पिशवीचं थेट भोकच पडणार आणि इस्त्रीच्या तळाला काळा डाग, तो घरातल्या पांढऱ्या शर्टावर निघणार. म्हणून मधल्या खालच्या आकड्यावर ठेवायची, वाफ बंद. एकाच जातीच्या सहा ते आठ पदर पिशव्या, छपाई असेल तर ती बाजू आत (शाई वितळून पसरते), खाली वर बटर पेपर, आणि इस्त्री सतत फिरती ठेवायची, कपड्यावर ठेवतो तशी थांबवायची नाही. दहा-पंधरा सेकंद, उलटवायचं, परत. कडेला आक्रसून सुरकुत्या आल्या म्हणजे झालं. गार होईपर्यंत बटर पेपर काढू नका, वर एखादं जाड पुस्तक ठेवा नाहीतर गुंडाळी होते. त्याचे पाऊच, वहीचं कव्हर, एप्रन मस्त होतात, शिलाई मशीनवर मोठा टाका घालून शिवा.

खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने. नीट तापमानाला फक्त मेणासारखा हलका वास येतो, धूर दिसला म्हणजे तुम्ही जाळताय, लगेच थांबा. साडीचं जाड पारदर्शक कव्हर किंवा जुना टेबलक्लॉथ, ज्याला नवा असतानाच उग्र वास येतो, ते पीव्हीसी असू शकतं, त्याला इस्त्री लावायचीच नाही, तापलं की त्यातून आम्लाचा वायू सुटतो. पिशवीवर त्रिकोणात आकडा असेल तर २ म्हणजे एचडी, ४ एलडी, ५ पीपी, ३ म्हणजे पीव्हीसी, ती बाजूला. मुलाने कापायचं, रचायचं, इस्त्री मोठ्यांनी धरायची.

भुग्याचं म्हणाल तर माळा पत्र्याखाली आहे का? मुंबईच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दहा वर्षं म्हणजे पिशवीला भट्टीच. त्यात स्वस्त पिशवीत खडूची भुकटी आणि परत-परत वितळवलेला माल भरपूर असतो, 'विघटनशील' असं छापलेल्या काहींत तर लवकर तुटाव्यात म्हणूनच काही घातलेलं असतं. त्या तेरा गुपचूप बांधून सुक्या कचऱ्यात द्या, झटकू नका, ते कण घरभर होतील. पुढे निवडताना लक्षात ठेवा, डिसेंबर २०२२ च्या शेवटापासून नियमाने कॅरीबॅगची जाडी १२० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली चालत नाही, म्हणजे खरोखर १२० ची नवी पिशवी मिळाली तर ती विणायला जड जाईल, तिला तशीच वापरा, वर्षभर फाटणार नाही.

जर्सीकर:
इकडून न्यू जर्सीहून हजेरी. आमच्याकडे ४ मे २०२२ पासून दुकानात प्लास्टिकची पिशवी बंद, मोठ्या ग्रोसरी स्टोअर्समध्ये तर कागदीही बंद. वाटलं संपला प्रश्न. तर आता सामान घरपोच मागवलं की दर वेळी नवीन कापडासारखी पिशवी येते, तीच ती पीपीवाली, माझ्या गॅरेजमध्ये साठ-सत्तर पडल्यात आणि परत घ्यायला कुणी तयार नाही. म्हणजे पिशव्यांच्या पिशवीचा आता पिशव्यांचा गॅरेज झालाय.

त्याआधी आमच्या लायब्ररीत दर गुरुवारी आज्जी मंडळी जमायची, बेघर लोकांसाठी झोपायच्या चटया विणायच्या, तीन बाय सहा फुटांची, एकेकीला सहाशे-सातशे पिशव्या लागायच्या. मी पण जायचे. हलकी असते, ओल झिरपत नाही, गुंडाळून खांद्याला अडकवता येते, आणि म्हणे त्यात ढेकूण घर करत नाहीत. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, तुमच्याकडे भारतात असं काही करतात का, मी म्हटलं माझ्या आत्याच्या रुखवतात पिशव्यांच्या फुलांचा ताटवा आणि एक पांढरा ससा होता, कान पिना लावून उभे केलेले. तिला रुखवत म्हणजे काय हे समजावता समजावता तास गेला. ससा अजून आहे बरं, आत्याच्या शोकेसमध्ये, पिवळा पडलाय.

चिमणी, त्या २२ कापडी-दिसणाऱ्यांचं माझ्यासारखं करू नकोस, लगेच वापरून टाक. त्या ठेवून ठेवून आपोआपच भुगा होतात.

चाळीतली_चिमणी:
मंडळी, महिन्याभराने अपडेट. इस्त्रीचा कागद झाला, पहिला जळला, दुसरा चांगला निघाला, पोराने त्याचं कंपासपेटीचं पाऊच केलंय (शिलाई माझी, टाके दिसतात). आणि मी गोल चटई घातली. सुईदोरा ताई, सहा-सहा वाढवायचे मी सहाव्या फेरीपर्यंत बरोबर वाढवले, मग मालिका बघत होते. वाटी झाली. चांगली खोल, कांदे-बटाटे राहतात त्यात दोन किलो.

तर काल सासूबाई आल्या. चहा झाला, पाणी प्यायला आत गेल्या आणि ती टोपली उचलून खिडकीशी उजेडात नेली. मी पोळ्या लाटत होते, मागे वळायची हिंमत नव्हती. बोट फिरवत म्हणाल्या, ही पिवळी आपण फ्रिज घेतला त्या दुकानातली, ही निळी मंदाच्या डोहाळजेवणाची साडी आणली तिची. मग म्हणाल्या, आम्ही कुर्ल्याला होतो तेव्हा २६ जुलैनंतर चाळीतल्या पोरांनी गटारातून पिशव्या उपसल्या, वीतभर काळा थर, त्या दिवसापासून मी एक पिशवी बाहेर पडू दिली नाही. मला लग्न होऊन बारा वर्षं झाली, हे मला माहीतच नव्हतं, मी आपली समजत होते की चिकटपणा आहे.

रागावल्या नाहीत. पण टोपली उलटी केली, शेवटच्या फेरीचा टोक शोधला आणि सर्रकन उसवायला लागल्या. म्हटलं अहो आई, काय करताय! तर म्हणे टाका सैल आहे तुझा, कांदा मोठा म्हणून राहतोय, लसूण खाली पडेल. चार फेऱ्या उसवून आता स्वतः विणत बसल्यात, चष्मा नाकावर, आणि सुई माझी नको म्हणाल्या, मोठ्या पेन्सिलएवढी कसली ही.

उरलेल्या ऐंशी-नव्वद पिशव्यांना मात्र हात लावायचा नाही असं सांगितलंय. त्यांची समोसा घडी झाली परत. कोठीतच आहेत.